धुरातलं लेकरू

धाड गावच्या गोजरबाईचं वय एकशे तीस आहे, ती म्हातारी होत नाही, लेकरांचं आयुष्य पिऊन जगते, ही बातमी बाजाराच्या दिवशी भाजीपेक्षा जास्त खपली. बातमी साफ खोटी. गोजरबाई सत्तरीच्या आहेत, गुडघे धरून उठतात, आणि पितात तो फक्त चहा. तोही दुसऱ्याच्या घरचा.

बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालणं हे त्यांचं काम. तेल चोळायचं, पाय धरून उलटं झुलवायचं, अंघोळीनंतर ओवा-शेपाच्या धुरीवर धरायचं, आणि सगळा वेळ आपल्या घरातलं एक जुनं गाणं पुटपुटायचं. अर्धं गाव त्यांच्या हातून उलटं लटकलेलं आहे.

आवई उठली ती भगवानराव गुरुजींच्या पुण्याईनं. शंभर वर्षांपूर्वी आपल्याच भागात काढलेला एक मुका माहितीपट परदेशातल्या कुठल्याशा संग्रहालयात धूळ खात पडला होता. विषय जादूटोणा. तो गुरुजींच्या हाती लागला. गावाची अंधश्रद्धा जावी म्हणून त्यांनी तो भर दुपारी, शाळेच्या खिडक्यांना पोती लावून दाखवला.

भिंतीवर बाई आली. तरुण गोजरबाईच! तेच कपाळ, हनुवटीवर तसंच गोंदण. आवाज नाही, नुसते ओठ हलताहेत. तिनं उघड्या लेकराचे पाय धरले, उलटं केलं, धुरावर नेलं. इंग्रजी पाटी आली. गुरुजींनी मोठ्यानं अर्थ सांगितला, "चेटकीण आणि तिचा बळी." धूर दाटला. बाईनं मान वर करून सरळ खोलीतल्या माणसांकडे पाहिलं. चित्र तिथंच संपलं. लेकरू धुरातून बाहेर आलंच नाही.

मागच्या बाकावर गोजरबाईंचे ओठ अजून तसेच हलत होते. त्यांच्या समोरच्या घरातल्या बनाबाईंनी ते पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी बनाबाईंनी निरोप धाडला: आमच्या लेकीच्या, रुपालीच्या बाळाला न्हाऊ घालायला येऊ नका. मग एकेक दार बंद झालं. त्याच धुरीवर वाढलेले बाप गोजरबाई दिसल्या की पोरांना कडेवर उचलू लागले. गोजरबाई मात्र सवयीनं रोज सकाळी अंगणात निखारे फुलवायच्या. धूर असायचा, लेकरू नसायचं.

रुपालीचं बाळ सगळी गल्ली जागी राहील इतकं रडायचं. एका सकाळी वारा फिरला. गोजरबाईंचा धूर रस्ता ओलांडून बनाबाईंच्या दारात शिरला आणि बाळ एकदम गप्प झालं. इतकं गप्प, की बनाबाई पाळण्याकडे धावल्या. बाळ टक्क डोळ्यांनी धुराकडे बघत होतं. आवाज नाही, नुसते ओठ हलत होते.

त्याला उचलून बनाबाई अनवाणीच गोजरबाईंच्या फाटकाशी आल्या. आत मात्र येईनात.

"गोजरबाई, खरं सांगा. सिनेमातल्या त्या बाईनं लेकराचं काय केलं वो? मेलं ना थे?"

"कोनं सांगतलं तुमाले?"

"धुरातून बाहेर काऊन नाई आलं मंग?"

गोजरबाईंनी निखाऱ्यावर चिमूटभर ओवा टाकला.

"थे बाई म्हंजे माही आजी, तानाबाई. अन् थे लेकरू माही माय. मेली असती तं तुमच्या नातवाले न्हाऊ घालाले मी कुठून आली असती? आना इकडं, पानी थंडं होऊन राह्यलं."