दादाने तपासलेल्या अंतराळकथा

दादाचं तेरावं होऊन आठवडा झाला तेव्हा वहिनींचा फोन आला. "भाऊजी, ह्यांची ती यानाची पुस्तकं एकदा येऊन बघा. मला त्यातलं काही कळत नाही, आणि रद्दीत द्यायला मन होत नाही."

धायरीच्या त्यांच्या फ्लॅटमधलं कपाट उघडून मी फरशीवरच बसलो. कॉमिक्स आणि कादंबऱ्या मिळून सत्तरेक असतील, सगळ्या एकाच परदेशी मालिकेवरून निघालेल्या. मला त्यातली एकच हवी होती. सॉफ्टवेअरच्या नोकरीत कंपनीने मला पहिल्यांदा अमेरिकेला पाठवलं, तेव्हा विमानतळावर दादासाठी घाईघाईने घेतलेली, चकचकीत मुखपृष्ठाची. दादाने ती उलटीसुलटी करून पाहिली होती आणि "ठेव तिथे" म्हणाला होता. नंतर तो त्याबद्दल कधी बोलला नाही, मीही विचारलं नाही. ती त्याने वाचली का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं.

केबल नवी आली तेव्हा खडकीच्या क्वार्टर्समध्ये आम्ही ती मालिका बघायला लागलो. इंग्रजी निम्मंच कळायचं. यान, कप्तान आणि डाव्या गालावर तीळ असलेली शास्त्रज्ञ बाई, एवढ्यावर भागायचं. पुढे खडकी बाजारातल्या एका रद्दीच्या दुकानात दादाला शोध लागला की या मालिकेची पुस्तकंही असतात. लष्करातल्या एखाद्या साहेबांची बदली झाली की त्यांच्या घरची इंग्रजी पुस्तकं तिथे येऊन पडायची.

दादा दारूगोळा कारखान्यात तपासणीला होता. दिवसभर नग मापायचे आणि पास, रीवर्क की रिजेक्ट ते लिहायचं. घरी तो पुस्तकांचंही तेच करायचा. मालिका म्हणजे मूळ ड्रॉइंग. पुस्तक मापात बसलंच पाहिजे. प्रत्येकाच्या शेवटच्या पानावर त्याने चिठ्ठी चिकटवलेली असायची. त्या आता मी एकेक वाचत गेलो.

"तीळ उजव्या गालावर. चित्रकाराने मालिका पाहिलेली नाही. रीवर्क."

"पोकळीत स्फोटाचा आवाज. कप्तानसाहेब, आमच्या कारखान्यात या, खरा ऐकवतो. रिजेक्ट."

मी हसलो तशा वहिनी स्वयंपाकघरातून डोकावल्या. "काय झालं हो?"

"दादाने कप्तानाला झापलंय."

"घरात कोणाला सोडलं नाही, तो कप्तान कुठून सुटणार?"

चित्रकार चुकत होते हे खरं. चार फोटो हातात देऊन त्यांना कामाला बसवलं असावं. पण माहिती संपली की ते मजेदार काहीतरी रचायचे. एका कॉमिकमध्ये कप्तानाला टोमॅटो पिकवणारी धाकटी बहीण आहे. मालिकेत तिचा पत्ताच नाही. ही बाई कोणाला सुचली असेल? दादाने तिलाही रिजेक्ट केलं होतं.

माझी कादंबरी मागच्या रांगेत सापडली. तिच्यात एक नव्हे, तीन चिठ्ठ्या होत्या, स्टेपल केलेल्या. पान एक्केचाळीस: कप्तानाला पोहता येत नाही, इथे नदी पार करतो. पान एकशे बारा: यानाला खिडकी कुठून आली? अशा सव्वीस चुका. खाली "रिजेक्ट". म्हणजे वाचली होती, अगदी ओळन्‌ओळ. आणि सगळ्यात शेवटी, वेगळ्या शाईत: "पान एकशे नव्वद. हे मालिकेत नाही. असायला हवं होतं."

मी ते पान काढलं. दोन माणसं एका बंद दाराच्या दोन बाजूंना उभी राहून बोलत होती. ती कोण, दार कशाचं, मला काही उलगडेना. मी पुस्तक आणलं होतं, वाचलं कधीच नव्हतं.

"सापडलं का हवं ते?" वहिनींनी विचारलं.

"सापडलं. पण पहिल्यापासून वाचल्याशिवाय कळणार नाही."

"मग खुर्चीवर बसा. फरशी गार आहे."

मी खुर्चीवर बसलो आणि पहिलं पान उघडलं.