तासातला एक प्रश्न

देवळीच्या शाळेत नागरिकशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी मला सावरलं. त्यांचा नियमच होता, तास संपायच्या आत प्रत्येकानं एक तरी प्रश्न विचारायचा. त्या भीतीनं मी शाळाच बुडवायचो. बँकेच्या व्याजाच्या धड्याला माझी पाळी आली. कसंबसं म्हणालो, "मॅडम, मले काईच समजलं नाई."

मागून एक पोरगा हसला, "हा का सवाल झाला का बे?"

"झाला ना! बँकेत बी असंच विचारा लागते, नाई तं कोणीबी सही घेऊन मोकळं होते. बस बापू," मॅडम म्हणाल्या आणि धडा पुन्हा सांगितला. माझा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर शाळा बुडवणं थांबलं, पण पुढे घरच्या अडचणीनं शिक्षण अर्धवट सुटलंच. आता सुरतच्या कारखान्यात नवं मशीन दाखवतात तेव्हा समजलं नाही तर मी बिनधास्त "पुन्हा सांगा" म्हणतो. मॅडम, तुमचे उपकार एक दिवस नक्की फेडीन.