पडलेल्या भिंतीचा पुरावा

साल दोन हजार बावीस. माझं वय एकाहत्तर. त्या पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघराची पाठची भिंत पडली, आणि ती पडलीच न्हवती हे मी एकट्यानं, कुणाची मदत न घेता सिद्ध करून दाखवलं.

भिंत दगड-मातीची. चाळीस वर्षांपूर्वी मी स्वतःच्या हातानं रचलेली. दुपारची जेवणं उरकून ही (म्हणजे आमची मंडळी) भांडी घेऊन परड्यात गेलती, म्हणून वाचली. धडाऽम! सुरुंग उडाल्यागत आवाज झाला. कंग्राळीतली आमची सगळी गल्ली दारात गोळा झाली.

शेजारची शिवाक्का ओरडली, "आप्पा, भिंत पडली व्हय वो?"

आता सांगा! माझ्या हातची भिंत पडली, असं मी चारचौघांत म्हणायचं?

"पडंल कशी?" मी म्हणलं. "मीच पाडली! दार मोठं करायचं हाय."

(पाडणारा माणूस तवा सोप्यात घोंगडं पांघरून घोरत होता, हे दारातनं सगळ्यांनी बघितलतं. पण कुणी बोललं न्हाय.)

नात सुप्रियानं मोबाईल काढून पडलेल्या भिंतीचा फोटो घेतला. मी खवळलो. "पूस ते! घराची अब्रू मोबाईलात घालून हिंडवतीस व्हय?" बिचारीनं पुसला.

सांजच्याला मारुती आला. माझा पोरगा, उद्यमबागला फौंड्रीत हाय. घराचं कर्ज काढताना बँकेनं त्याला विमाबी काढायला लावलता. त्यानं विमा कंपनीला फोन केला आणि मला म्हणाला, "आप्पा, सोमवारी सर्वेअरसाहेब बघायला येणार. तोवर कशालाबी हात लावू नगासा."

त्यातलं मला एवढंच ऐकू आलं: साहेब बघायला येणार.

साहेब येणार आणि घराला भगदाड? आमच्यात सोयरीक बघायला पाहुणे यायचे झाले तर गोठासुद्धा सारवून घेत्यात! मारुती दोन दिवस डबल ड्यूटीला गेला तसा मी बाबू गवंड्याला धरून आणला. सिमेंटच्या ब्लॉकची भिंत उभी केली, गिलावा केला, वर चुना मारला. हिला सांगून पुढं रांगोळी काढून घेतली. जुने फुटके दगड गल्लीतल्या खड्ड्यात टाकले, साहेबाच्या गाडीला चिखल लागू नये म्हणून! आणि पैसं? कपाटात सुप्रियाच्या नर्सिंग कॉलेजची फी होती, ती बाबूला दिली. विम्याचं येणारच हाय की!

सोमवारी साहेब आला. हुबळीकडचा तरणा पोरगा. आल्या आल्या कानडीत म्हणाला, "गोडी यल्ली बिद्दद री, अज्जा?" भिंत कुठं पडलीय म्हणून विचारत होता.

"ही काय!" मी छाती काढून दाखवली.

तो मराठीवर आला. "अज्जा, हे तर उभा हाय."

"मग? साहेब येणार म्हणताना आडवी ठेवतोय व्हय आम्ही?"

त्यानं रांगोळीचा फोटो काढला. "आधीचा भिंत पावसानं पडला काय?"

त्याच्या पाठीमागं उभा राहून मारुती जोरजोरात मान हलवत होता. "व्हय" म्हणायचं होतं. दोन अक्षरं! पण प्रश्न माझ्या काळजाला लागला.

"पावसानं? माझी भिंत पावसाला भिणारी न्हवती!"

साहेबानं ते लिहून घेतलं. दोन बशा पोहे खाल्ले, नव्या भिंतीची तारीफ केली आणि गेला. मी दिवसभर खुशीत होतो.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. इंग्रजीत. मी तिसरी शिकलेला, म्हणून सुप्रियानं वाचलं: नुकसान आढळलं नाही, पावसाचा संबंध नाही असं खुद्द मालकानं सांगितलं, सबब दावा नामंजूर. मारुती त्याच भिंतीला टेकून मटकन खाली बसला. फीची शेवटची तारीख पंधरा दिवसांवर होती. सुप्रियानं पत्राची नीट घडी घातली. हिनं मला शिव्या न देता चहा दिला. हिच्या शिव्या थांबल्या की समजावं, घर बुडालं.

मारुतीच्या दोस्ताची बहीण निपाणीला वकील हाय. रविवारी ती आली. लई समजूतदार बाई. म्हणाली, "आप्पा, घरमालकाचे हक्क असतात. सर्वेअरच्या अहवालाची प्रत मागता येते. कंपनीकडं लेखी तक्रार करता येते. तिथं दाद दिली न्हाय तर विमा लोकपाल. तिथं वकीलसुद्धा लागत न्हाय. शिवाय ग्राहक आयोग आहेच."

माझी मान ताठ झाली. "एवढे हक्क? माझे?"

"हक्क भरपूर आहेत. पुरावा काय आहे? फोटो?"

"पुसायला लावला."

"बरं. साक्षीदार?"

सगळी गल्ली बोलावली. शिवाक्का पुढं झाली. "आप्पानी स्वतः पाडली बघा. देवाशपथ!" मागच्या दहा-बारा माना हलल्या. वकीलबाईनं पेनाला टोपण लावलं.

मी सुप्रियाकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत होती. मग उठलो. एकाहत्तर वर्षांत केलं न्हवतं ते केलं.

"शिवाक्का, मी खोटं बोललो. पावसानं पडली."

आता जमीन फाटावी आणि मला घ्यावं, असं झालं.

"ठावं हाय की वो!" शिवाक्का म्हणाली. "धडाऽम झालं तवा तुमी घोरत हुतासा! पर तुमची मान खाली जाऊ नये म्हणून आमी बोललो. देवाला तसं आदीच सांगून ठेवलंय."

सगळ्यांनी खरी जबानी लिहून सह्या केल्या. पण वकीलबाईचं तोंड उतरलेलंच. आधी एक बोलले, आता दुसरं; कोण विश्वास ठेवणार? जाताना गल्लीतल्या खड्ड्यापाशी ती थबकली.

"आप्पा, हे दगड एका बाजूनं काळे कसे?"

"आमच्या भिंतीचे. चाळीस वर्षांच्या चुलीची काजळी हाय ती. एवढ्या पावसानंबी गेली न्हाय."

"अहो, हाच पुरावा! स्वयंपाकघराची भिंत होती, ती पडली, हे दगडच बोलतायत! नुसता मोबाईलवर फोटो काढला तर म्हणतील, कुठले तरी दगड. उद्या दहा वाजता पंचांसमोर उचलू. तोवर हात लावू नका."

त्या संध्याकाळी हिनं मला पोटभर शिव्या दिल्या. घरात जीव आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. डोक्यात एकच गोष्ट. पंच येणार! परकी माणसं आमचे दगड उचलणार, आणि आमच्या चुलीची काजळी त्यांच्या हाताला लागणार? सगळ्या गल्लीदेखत? बादली घेतली, काथ्या घेतला, कपड्याचा सोडा घेतला. अख्ख्या पावसाळ्याला जमलं न्हवतं, ते मी दोन तासांत केलं. एकेक दगड लख्ख घासून ओळीनं मांडला.

सुप्रिया दारात आली. गटारीतनं वाहणारं काळं पाणी बघून जाग्यावर थिजली.

"आज्जा... काय करालायसा?"

मी कंबर सरळ केली आणि मोठ्या अभिमानानं सांगितलं,

"पुरावा धुवालोय, बाळ!"