खलबत्त्यातली गोळी

नाना आधी पट्टीतल्या एका गोळीचा वास घ्यायचे, मग ती कानाशी हलवून पाहायचे, आणि मी ‘अहो नाना!’ म्हणेपर्यंत ती दाताखाली गेलेली असायची.

‘माल देखाशिवाय सौदा नही, भाऊ.’

दोंडाईच्याच्या धान्यबाजारात त्यांचा जन्म गेला. पोत्यात हात घालून गव्हाचा एक दाणा चावला, की तो कुठल्या शिवारातला आणि त्या शेतकऱ्याची सासुरवाडी कोणती, हे सांगायचे. मी थोडं वाढवून सांगतोय. सासुरवाडी कधीकधी चुकायची.

माझं धुळ्यात औषधांचं दुकान. नाना दर महिन्याला एसटीने डॉक्टरांकडे यायचे आणि तिथून माझ्याकडे. मोठ्या आतड्याला जखमा होत्या, रक्त जायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळ्यांनी आटोक्यात आलं नाही तर आतडं काढावं लागेल, मग पोटावर शौचासाठी कायमची पिशवी.

‘जलमभर पोता उचल्यात, आते पोटले पिशवी बांधू का?’ नाना हसले. हात मात्र पोटावरून हलला नाही.

आणि गोळी काय साधी होती! तिच्यावर असा लाल लेप, की जठरातल्या आम्लाला ती भीक घालत नाही. लहान आतडं बिनथांबा पार करते आणि मोठ्या आतड्यात पोचल्यावरच माल उतरवते. हल्ली औषधांना पत्ता देऊन धाडतात हो. कर्करोगाचं औषध चरबीच्या इवल्याशा थेंबात भरून गाठीपर्यंत नेतात. आपलं चाळीसगावचं पार्सल भुसावळात सापडतं, आणि ही गोळी अंधारात, कुणाला न विचारता, नेमक्या वळणावर उतरते!

तरी नानांना फरक पडेना. डॉक्टरांनी मात्रा वाढवली, रक्त चालूच. मी कंपनीवर संशय घेतला, दोंडाईच्याच्या पाण्यावर घेतला, शेवभाजीवर तर रीतसर आरोपपत्रच ठेवलं. मग एकदा अक्का, म्हणजे नानांच्या मंडळी, सोबत आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, ‘भाऊ, गोळ्या कुटी कुटी मन्हा खलबत्ता लाल व्हई गया.’

मी काउंटरवरून उडी मारली. माझा देह पाहिलेल्यांनाच त्या उडीचं मोल कळेल.

‘कुटून घेता? का?’

नाना इकडेतिकडे बघून कुजबुजले, ‘गोळी परत उनी, भाऊ.’

‘कुठून परत?’

‘सकाळले. जशीनी तशी. मी देखं ना! उघडनीच नही ती. मंग मीच उघाडी, खलबत्तामा.’

आता या माणसाने तिथेही माल तपासावा! मी ओरडलो, ‘अहो, ते रिकामं टरफल! ट्रक माल उतरवून रिकामा परत आला, नाना!’

नाना शांतपणे म्हणाले, ‘पोचपावती?’

तुम्हीच सांगा, काय करायचं? जगभरचे शास्त्रज्ञ प्रयोगशाळांत म्हातारे झाले तेव्हा कुठे तो लेप जमला, आणि दोंडाईच्यात बत्त्याच्या दोन ठोक्यांत त्याचा भुगा. पुढे कितीतरी खेपा मी घसा फोडला. म्हटलं, ‘रावेरची केळी दिल्लीला सालीसकटच जातात ना? सोलून पाठवली तर?’

‘पण खातस तं सोलीसनच!’

डॉक्टर रागावले, अक्कांनी खलबत्ता लपवला, तर नानांनी वरवंटा घेतला. रक्त वाढलं. डॉक्टरांनी पुढच्या खेपेला ऑपरेशनची तारीख ठरवू म्हणून सांगितलं.

त्या दिवशी माझं डोकंच फिरलं. दोन ग्लास घेतले. एकात लिंबू पिळलं, दुसऱ्यात खायचा सोडा ढवळला, दोन्हींत एकेक गोळी टाकली. ‘हे तुमचं जठर. हे मोठं आतडं. बसा आता. देखा माल!’

नाना स्टुलावर बसले. दोंडाईच्याची एसटी गेली, तिच्यामागची गेली. गिऱ्हाइकं त्यांना वळसा घालून खोकल्याचं औषध नेत होती. लिंबातली गोळी सरकारी फाइलीसारखी ढिम्म. सोड्यातलीचा लेप आधी मऊ पडला, मग सुटला, पाणी गढूळ झालं. नाना इतके वाकले की नाक आतड्यात बुडालं.

‘उघडनी,’ ते म्हणाले.

मग गोळ्या अख्ख्या गिळल्या जाऊ लागल्या. ऑपरेशन लांबणीवर पडलं, हळूहळू रक्त थांबलं, पिशवी लागली नाही. खलबत्त्यात गेलेल्या महिन्यांचा माझा राग काही उतरला नाही, आणि तो उतरायच्या आतच नाना गेले. आतड्याने नाही, हृदयाने. झोपेत. एका घरी माल पोचवावा, तर शेजारच्या घराला आग! भांडायचं कुणाशी?

दिवसकार्य उरकल्यावर अक्का उरलेल्या गोळ्या परत द्यायला आल्या. ‘कोनले तरी कामले येतीन.’

मी पट्ट्या उलटसुलट पाहिल्या. सगळ्या गोळ्या अख्ख्या, जागच्या जागी. फक्त एका कप्प्याचा कागद उचकटून परत दाबून बसवलेला. नखाने उघडला. आतल्या गोळीच्या कडेला दाताची खूण होती.

नमुना काढून ठेवला होता.

मी त्या रिकाम्या स्टुलाकडे वळून ओरडलोच, ‘अहो नाना!’