तळ्याकाठच्या बाई

आयर्लंडमधल्या विकलोच्या डोंगरांतून मी एकटाच पायी फिरत होतो. तिसऱ्या दिवशी तळ्याकाठच्या दगडावर सत्तरीच्या एक आयरिश बाई बसल्या होत्या. त्यांनी फ्लास्कच्या झाकणात चहा ओतला आणि काही न विचारता माझ्यापुढे धरला.

“तीस वर्षं नवऱ्याबरोबर ही वाट चालले,” त्या म्हणाल्या. “तो कायम पुढे, मला दिसायची त्याची पाठ. आता तो नाही. हे तळं यंदा पहिल्यांदा नीट पाहिलं.”

“कसं वाटलं?” मी विचारलं.

“ग्रँड.” बुटाची नाडी आवळत त्या म्हणाल्या, “पण मला ती पाठच जास्त आवडायची.”

मुक्कामाला पोचल्यावर मी ॲथलोनला घरी बायकोला फोन केला. पुढच्या खेपेला सोबत ये म्हटलं.

“तू फार भरभर चालतोस,” ती म्हणाली.

“तू पुढे चाल,” मी म्हणालो.