वेटिंग रूममधल्या इन्स्पेक्टरबाई

जिथे चार मिनिटं बसायचीही कुणाची इच्छा नसते, तिथे इन्स्पेक्टरबाई चार तास बसू शकत. हातात पुस्तक नाही, विणकाम नाही. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात आणि नजर दाराकडे. त्या आजारी नसत आणि त्यांच्याबरोबरही कुणी आजारी नसे. इतर लोक सुटीच्या दिवशी किल्ले आणि बागा बघायला जात. बाई डबा आणि थर्मास घेऊन ट्रेनने कुठल्यातरी गावी जात, तिथलं हॉस्पिटल शोधून काढत आणि ए अँड ईच्या, म्हणजे अपघात आणि तातडीच्या विभागाच्या, वेटिंग रूममध्ये जाऊन बसत.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. कॉव्हेंट्रीतल्या एका घरात वरच्या मजल्यावर मी आणि देशमुख, दोघे नवे डॉक्टर, आणि खालच्या खोलीत बाई. मी पुण्याचा, त्यामुळे मला सगळ्या हॉस्पिटलांबद्दल मत होतं. बाई नागपूरच्या. त्यांनी हॉस्पिटलं पाहिलेली होती. तोंडावर आम्ही त्यांना ताई म्हणत असू. इन्स्पेक्टरबाई हे नाव मागे ठेवलेलं, आणि ते त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

बाई सात वर्षं ए अँड ईमध्ये 'स्टाफ ग्रेड' होत्या. या पदाचं नाव छान आहे. काम रजिस्ट्रारचं, म्हणजे कन्सल्टंट होण्यासाठी शिकत असलेल्या डॉक्टरचं, जबाबदारी रजिस्ट्रारची, पण ते ट्रेनिंग धरत नाहीत. त्यामुळे सात काय, सत्तर वर्षं केलं तरी त्या वाटेने कन्सल्टंट, म्हणजे विभागातला सर्वात वरचा डॉक्टर, होता येत नाही. शिडीच्या शेजारी ठेवलेलं हे स्टूल. बाईंनी ट्रेनिंगच्या जागेसाठी तीनदा अर्ज केला होता आणि तिन्ही वेळा त्यांना अतिशय सभ्य इंग्रजीत नकार मिळाला होता. चौथा अर्ज शेवटचा, असं त्यांनी जाहीर केलेलं. "या वेळी नाही झालं तर नागपूर. चाळिशीनंतर कुणाच्या दारात उभं राहून मला शिकवा हो, असं नाही म्हणणार मी."

त्याच सुमारास आम्हीही जागा शोधत होतो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर निरनिराळ्या हॉस्पिटलांची गुळगुळीत माहितीपत्रकं पसरलेली असत. प्रत्येकावर एक हसरी नर्स, एक हसरा डॉक्टर आणि आम्ही सर्व देशांतल्या डॉक्टरांचं स्वागत करतो असं वाक्य. देशमुखने कॉम्प्युटरवर तुलनेचा तक्ता केला होता: खाटा किती, प्रोफेसर किती, हेलिकॉप्टर आहे की नाही. हेलिकॉप्टरवाल्या हॉस्पिटलला त्याने हिरवा रंग दिला.

बाईंनी तक्ता पाहिला. "काय करून राहिला रे तू? हेलिकॉप्टर तू चालवणार आहेस का?"

"नाही ताई."

"मग शिकवणार कोण, तो रकाना कुठंय?"

त्यांचा स्वतःचा तक्ता एका जाड वहीत होता. एका हॉस्पिटलला एक पान आणि पानावर दोनच प्रश्न: कितव्या मिनिटाला कुणीतरी विचारलं? आणि काय विचारलं? आलेल्या पेशंटचा निकाल चार तासांत लागलाच पाहिजे, असा नियम तेव्हा नुकताच आला होता आणि सगळी ए अँड ई घड्याळाकडे बघत धावत होती. बाई म्हणत, "चौथ्या तासाला सगळेच धावतात. पहिल्या तासाला कोण येतं ते बघायचं."

याचा आमच्या ट्रेनिंगशी संबंध काय, हे मी एकदा पुणेरी आवाजात विचारलं. "नोंद नसलेली बाई तिथं कोपऱ्यात बसलीय," त्या म्हणाल्या. "तिच्याकडे जे बघत नाहीत, ते परदेशी डिग्री घेऊन आलेल्या तुझ्याकडे बघतील?" माझं मत होतं, पण ते मला त्या वेळी आठवलं नाही.

मी एकदा त्यांच्याबरोबर हेलिकॉप्टरवाल्या हॉस्पिटलात गेलो. आत शिरताच संस्थापकाचा अर्धपुतळा, वर काचेचं छत, भिंतीवर देणगीदारांची नावं. कोनशिला वाचतच दहा मिनिटं गेली. नंतर आम्ही बसलो. माणसं आली, गेली, रडली, ओकली. आमच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. तीन तास चाळीस मिनिटं झाली आणि एक नर्स कागद घेऊन धावत आली. ही बाई कधीपासून आहे? हिची नोंद का नाही? बाई "मी पेशंट नाही" म्हणेपर्यंत त्यांना पडद्याआड नेलं होतं, मागोमाग मीही. एक तरुण डॉक्टर आला. काय दुखतंय? काही नाही. त्याने 'काही नाही' असं लिहिलं आणि इतका सुटकेचा श्वास सोडला की मला त्याची दया आली. बाहेर येऊन बाईंनी वही उघडली. 'दोनशे विसावं मिनिट. विचारलं: किती वाजता आलात?'

मुलाखतीआधी विभागाला भेट द्यायची तिकडे रीत आहे. उमेदवाराने सूट घालून जायचं, कन्सल्टंटशी दहा मिनिटं बोलायचं आणि भारावून परत यायचं. आम्ही दोघे असे अनेकदा भारावलो. बाईंनी ती भेट कधी घेतली नाही. "तो कांदेपोह्यांचा कार्यक्रम. त्या दिवशी सगळेच गोड बोलतात."

मग एका संध्याकाळी त्या परत आल्या आणि कोट न काढताच म्हणाल्या, "सापडलं." गाव असं, की ट्रेन तिथे थांबते याचं ट्रेनलाही नवल वाटावं. हेलिकॉप्टर नाही, पुतळा नाही, छत गळत होतं. पण अकराव्या मिनिटाला टेबलं पुसणारी मॉरीन नावाची मदतनीस जवळ आली होती. "ऑल राइट, लव्ह? कुणाची वाट बघताय?" बाई नाही म्हणाल्या. "मग बसा. बाहेर गार आहे," म्हणून तिने चहा आणून दिला. कॉरिडॉरमध्ये डॉक्टरांच्या फोटोंचे दोन फळे होते, एक जुना आणि एक नवा. जुन्या फळ्यावर खालच्या रांगेत असलेले आपल्यासारखे तीन चेहरे नव्या फळ्यावर रजिस्ट्रारच्या रांगेत गेले होते. "कुठल्या माहितीपत्रकात असतं हे?" बाईंनी विचारलं.

एक खोटही त्यांनी टिपली होती. दुपारी दोनला पाळी बदलताना बावीस मिनिटं दाराशी कुणीच नव्हतं. छातीवर हात धरून आलेल्या एका आजोबांना बाईंनीच उठून बसवलं आणि आत जाऊन नर्सला बोलावून आणलं.

त्यांनी तिथे अर्ज केला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. आम्ही दोघांनी आठवडाभर त्यांची तयारी करून घेतली. मुख्य सूचना एकच. "ताई, त्या वेटिंग रूमबद्दल अवाक्षर काढू नका," देशमुख म्हणाला. "हेरगिरी केली असं वाटेल त्यांना."

"नाही काढत," बाई म्हणाल्या.

मुलाखतीहून आल्या त्या थेट चहा टाकायला गेल्या. आम्ही मागे उभे. पहिलाच प्रश्न होता, आमच्या विभागाला भेट दिलीत का? आधीच्या उमेदवारांनी सांगितलं होतं, अमुक कन्सल्टंटना भेटलो, फार प्रेरणा मिळाली.

"आणि तुम्ही?" देशमुखने विचारलं.

"मी म्हटलं, तुमच्या वेटिंग रूममध्ये चार तास बसले होते."

देशमुखने डोकं धरलं.

"मधोमध एक स्कॉटिश म्हातारा होता, हाडकुळा. त्यानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, पेशंट म्हणून? म्हटलं, नाही, बसायला म्हणून. म्हणाला, मग काय दिसलं? मी वही काढली."

"वही नेली होती तुम्ही?" मी विचारलं.

"पर्समध्येच असते ती. अकरावं मिनिट सांगितलं. मॉरीनचं नाव सांगितलं. मग दोन वाजताची बावीस मिनिटं सांगितली."

"ताई, ते कशाला?"

"खोटंच बोलायचं तर चौथ्यांदा कशाला जायचं रे?" त्यांनी चहा गाळला. "म्हातारा शेजारच्याला म्हणाला, बघ, मी हेच सहा महिने सांगतोय." वीस मिनिटांची मुलाखत पाऊण तास चालली होती. त्यातली निम्मी, दाराशी खुर्ची कुठे ठेवावी यावर.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला तेव्हा बाई पोळ्या करत होत्या. पिठाच्या हाताने त्यांनी फोन घेतला, तीनदा थँक यू म्हणाल्या, फोन ठेवला आणि परत तव्यापाशी गेल्या.

"काय झालं ताई?"

"पोळी करपली." त्यांनी दुसरी टाकली, उलटली, फुगू दिली. "ऑगस्टपासून रुजू व्हायचंय."

देशमुखने अशी आरोळी ठोकली की शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली. बाई म्हणाल्या, "बोलाव त्यांना. श्रीखंड आहे." तेव्हा कळलं की श्रीखंड त्यांनी आदल्या दिवशीच करून ठेवलं होतं. शेजारचं इंग्रज जोडपं आलं, कशाबद्दल ते न विचारता दोन वाट्या खाऊन गेलं. पदवीदान समारंभ मी बरेच पाहिले, झगे आणि झुलींसकट. त्या दुपारइतका भारदस्त एकही नव्हता.

ऑगस्टमध्ये टॅक्सीत बसताना त्यांनी वही माझ्या हातात दिली. "तुझी पाळी. आणि सूट घालून बसू नकोस, लोक तुला मॅनेजर समजतील." त्या वहीवरूनच मी माझी जागा निवडली आणि मला कधी पस्तावा झाला नाही. देशमुख हेलिकॉप्टरवाल्या हॉस्पिटलात गेला. वर्षभरात त्याला हेलिकॉप्टर दोनदा दिसलं, दोन्ही वेळा खालून.

पाच वर्षांनी हाडकुळा स्कॉटिश म्हातारा निवृत्त झाला आणि त्याच्या जागी बाई कन्सल्टंट झाल्या. मी अभिनंदनाला फोन केला. ते त्यांनी अर्ध्यात तोडलं. "ते राहू दे. माझं एक काम कर. मला आता तिथं बसता येत नाही, सगळे ओळखतात. तू जाऊन बस."

मी साधं स्वेटर घालून गेलो. छत अजून गळत होतं. फोटोंच्या फळ्यावर सगळ्यात वरच्या रांगेत बाई होत्या, पर्सवर हात ठेवावा तशी मुद्रा, आणि खाली त्यांचं नाव एकही अक्षर न गाळता छापलेलं. दुपारी दोनला पाळी बदलली तेव्हा दाराशी ठेवलेल्या खुर्चीवर एक नर्स बसलेली होती आणि दुसरी येईपर्यंत ती उठली नाही. चहा मला केव्हाच मिळाला होता. एका तरुण मदतनिसाने आणून दिला, "ऑल राइट, मेट?" असं विचारून. मॉरीन निवृत्त झाली होती, पण तिचा प्रश्न कामावर होता.

बाहेर येऊन मी वहीत लिहिलं आणि बाईंना फोन लावला.

"सातवं मिनिट," मी सांगितलं.

"आणि आधीची सहा मिनिटं काय करून राहिले होते?" इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं.