चावी नसलेलं घड्याळ

धोंड्याचा महिना तीन वर्सातनं एकदा येतोय. त्या महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, जावई म्हंजे नारायण, त्येच्या हातावर कायतरी ठेवायचं. मागल्या खेपेला मी तांब्याचं ताट आन् दिवा दिलता. "ताटावरच भागवलं तुज्या आईनं," असं लेकीच्या सासूनं तिला तीन वर्सं ऐकीवलं. लेक मला सांगत न्हवती, पण फोनवर आवाज बारीक झाला की मला कळायचं. म्हणून ह्या खेपेला घड्याळच द्यायचं ठरीवलं. माज्यापायी तिला परत बोल लागायला नको.

वडगावातनं शेरात गेले. दुकानदारानं काचेवर दोन घड्याळं मांडली. लई भारी न्हाय, हलकी बी न्हाय, किंमत जवळजवळ एकच. दोन्हीत सेल न्हाय म्हणाला. एकाला रोज सकाळी चावी द्यायची. दुसरं हातात असलं की हात हलंल तसं आपलं आपण भरतंय.

चावीचं मला लई आवडलं. पांढरी तबकडी, काळे आकडे, मला बी वाचता यील असले. कानाला लावलं आन् खाली ठेवलं.

आमच्या मालकांचं असलंच हुतं. त्येला चावी द्यायचं काम माजं. चूल पेटवायच्या आदी चावी. लगीन होऊन वरीस झालतं, लेक पोटात हुती, एक दिवस मी इसरले. मालकांची यष्टी चुकली. माघारी आले, हातातलं घड्याळ काढून फळीवर नीट ठेवलं, मग मला मारलं. घड्याळाला धक्का लागू ने म्हणून आदी काढलं. त्येच्यानंतर इतकी वर्सं मी एक दिवस बी इसरले न्हाय. बाळंतपणात बी न्हाय. मालक गेले त्या दिवशी तेवढी दिली न्हाय, आन् मग कधीच दिली न्हाय.

जावयाच्या घरात चावी कोण देनार, ते मला ठावं हुतं. मी दुसरं घड्याळ बांधा म्हटलं.

दुकानदार म्हणाला, "आक्का, रोज हातात घालायला सांगा. दोन दिवस काढून ठेवलं तर बंद पडतंय."

मला हसू आलं. मी जल्मभर हातमागावर बसलेली. बसल्या जागी बी माजा हात थांबला न्हाय. मानसाचा हात दोन दिवस हलत न्हाय म्हंजे काय? आन् घड्याळ घेऊन कोण घालत न्हाय? दुकानदाराचं ते बोलणं मी कुनाला सांगितलंच न्हाय.

धोंडे-पुरनाचं जेवन झालं, जावयाला ओवाळून घड्याळ दिलं. ते खूश हुते. पण निपाणीला घरी गेल्यावर त्येंच्या आईनं घड्याळ घेतलं, नारायणाचं दान हाय म्हणाली, आन् देवाजवळ ठेवलं. म्हयना सरला, तसं कपाटात गेलं. कार्याला घालायला. पावणे आले तवा काढलं, तर बंद. सगळ्यांम्होरं.

सासू पावण्यांस्नी म्हणाली, "वडगावची मानसं. बंद पडलेलं बघून आनलं असंल."

मी फोन करून जावयाला सगळं सांगितलं. घड्याळात खोट न्हाय, हलवा, चालंल. त्येनी हलीवलं, चाललं. मला वाटलं मिटलं.

"बरं झालं सांगितलं, आत्या," जावई म्हणाले. "घरात बंद घड्याळ असू ने म्हंती आई. सांगतो हिला, रोज सकाळी हलवत जा म्हणून."

रोज हातात घालतो म्हणाले न्हाईत. मी बरं म्हणून फोन ठेवला.

आता लेक उठली की कपाट उघडती. घड्याळ हातात धरून हलवती, मग चहा ठेवती. एकदा दोन दिवस तापानं पडली, घड्याळ थांबलं, आन् घरात दिवसभर तिच्याशी कोन बोललं न्हाय.

तवापास्नं सकाळी सकाळी मीच फोन करते. बाकी काय इचारत न्हाय.

"हलीवलंस का गं?"

"व्हय आई."

मग ठेवते.